गाइडमध्ये प्ले आलाय!

जुन्या बुलेटचे टॅपेट सेट करणारा मुरलेला मेकॅनिक फीलर गेजला हात लावत नाही. पिस्टन वर आणतो, सिलिंडरच्या कडेचं छोटं झाकण उघडतो आणि दोन बोटांत पुशरॉड धरून फिरवून बघतो. रॉड सहज फिरायला हवा, पण वरखाली खुळखुळता कामा नये. पाच मिनिटांत काम उरकतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

कॅम खाली, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर आणि रॉकरच्या टोकाखाली व्हॉल्व्ह. ही जुनीपुराणी रचना अमेरिकेत आजही वेगवान गाड्यांत नांदते आहे. तिचं सगळ्यात भव्य रूप म्हणजे शेवरले कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्समधलं एलएस-७ इंजिन. २००६ ते २०१३ या वर्षांतल्या गाड्यांना ते बसत होतं. आठ सिलिंडर, सात लिटर, ५०५ अश्वशक्ती, आणि मीटरवरची लाल रेघ ७००० फेऱ्यांवर. मिशिगनमधल्या विक्समच्या कारखान्यात एकेक कारागीर एकेक इंजिन हातानं बांधत असे. एवढं लाडाकोडात वाढलेलं हे इंजिन, आणि त्याची दुखती जागा कोणती, तर आपल्या नाक्यावरचा गॅरेजवाला दिवसातून दोनदा उच्चारतो तीच : 'गाइडमध्ये प्ले आलाय.'

आधी थोडा हिशेब. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे ७००० फेऱ्यांना मिनिटाला ३५०० वेळा, सेकंदाला सुमारे ५८ वेळा. एलएस-७ मध्ये तो दर वेळी साधारण १५ मिलिमीटर खाली जातो आणि परत येतो. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह ५६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासच्या तोंडाएवढा. इतकं मोठं झाकण या वेगानं हलवायचं तर ते हलकं हवं, म्हणून तो टायटॅनियमचा केला. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ४१ मिलिमीटरचा. त्याचा दांडा पोकळ, आणि पोकळीत सोडियम भरलेलं. हे सोडियम ९८ अंशांना वितळतं, दांड्यात वरखाली हिंदकळतं आणि भाजून निघालेल्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं.

ती उष्णता पुढे जाते कुठे? काही सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्ह मिटतो त्या कड्यातून, आणि काही गाइडमधून. गाइड ही हेडमध्ये ठोकून बसवलेली नळी. दांडा तिच्यात सरकतो. दोघांत तेलाच्या पातळ थरापुरती फट ठेवलेली असते. ती एक दशांश मिलिमीटरपर्यंत पोचायच्या आधीच गाइड बाद धरायचं. फट वाढली की व्हॉल्व्ह डुलायला लागतो. डुलणारा व्हॉल्व्ह सीटवर सरळ बसत नाही, कधी या कडेला टेकतो, कधी त्या. टेकणं अपुरं, म्हणून उष्णता अडकते. त्यात प्रत्येक मिटण्याला मान किंचित वाकते. लोखंडी तार तीच तीच वाकवून तोडावी, तसं एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं दांड्यापासून सुटतं आणि सिलिंडरमध्ये पडतं. वर येणाऱ्या पिस्टनला चुकवायला जागा नसते. पिस्टन जातो, हेड जातं, बऱ्याचदा ब्लॉकही जातो.

आपल्याकडे स्कूटरचं गाइड गेलं की सकाळी पहिल्या किकला निळा धूर निघतो, ऑइल कमी होतं, शेजारी तक्रार करतात. या इंजिनाचा त्रास असा, की पुष्कळदा ते काहीच सांगत नाही. धूर नाही, ताकद कमी नाही, काल छान चाललेली गाडी आज संपलेली. म्हणून या गाडीचे मालक काही बिघडलेलं नसताना हेड उघडायला निघतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. मला वाटत नाही.

गाइड इतक्या लवकर का झिजलं, यावर वाद आहे. कंपनीनं काही वर्षांच्या हेडमधल्या मशिनिंगच्या चुकीकडे बोट दाखवलं : गाइड आणि सीट यांचा मध्य एका रेषेत नव्हता. पुष्कळ मालकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. रॉकरचं टोक सरळ खाली जात नाही, कमानीत फिरतं. त्यामुळे ते व्हॉल्व्हला खाली दाबतानाच थोडं बाजूलाही ढकलतं, आणि उघड जितकी मोठी तितकं हे ढकलणं जास्त. १५ मिलिमीटर उघडणाऱ्या इंजिनात ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. माझ्या मते दोन्ही कारणं एकमेकांना हात देतात.

आता दुरुस्ती. पहिली पायरी मापाची. हेड न उतरवता, रॉकर आणि स्प्रिंग काढून, दांड्याला डायल गेज टेकवून तो हलवून पाहतात. अंदाजासाठी हे ठीक. खरं उत्तर हेड टेबलावर आल्यावर मिळतं : दांड्याला मायक्रोमीटर, गाइडला बोअर गेज, तेही वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, कारण गाइड तोंडाशी जास्त झिजतं आणि पोटात कमी.

मूळ गाइड पावडर दाबून केलेल्या धातूचं. त्याच्या जागी बहुतेक जण ब्राँझचं बसवतात. ब्राँझमध्ये तांबं, म्हणून ते उष्णता लवकर ओढतं. शिवाय दांड्याला ओरखडत नाही. पण धातू बदलला म्हणजे काम झालं, या भ्रमात राहू नये. नवं गाइड ठोकल्यावर ते आतून होन करून मापात आणावं लागतं. मग सीट नव्यानं कापायची, कारण सीट कापणाऱ्या कटरचा पायलट, म्हणजे त्याला मध्यावर धरणारा दांडा, गाइडमध्येच बसतो. आधी गाइड, मग सीट, हा क्रम मोडला की मूळ दुखणं नव्या धातूत परत. सगळ्या कामाचा जीव इथे आहे, आणि जाहिरातीत छापता येईल असं इथे काहीच चमकत नाही.

मग प्रश्न येतो, पोकळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून भरीव स्टेनलेसचा घालावा का? घालतात, आणि मान तुटायची भीती त्यानं कमी होते. पण भरीव म्हणजे जड. जड व्हॉल्व्ह त्याच वेगानं परत आणायला कडक स्प्रिंग लागते. कडक स्प्रिंगचा भार रॉकरवर, पुशरॉडवर, टॅपेटच्या रोलरवर आणि शेवटी कॅमवर. म्हणजे एक पार्ट बदलला आणि चार जणांचं ओझं वाढलं. सासूला खोली बदलून द्यावी आणि सगळ्या घराची फेरमांडणी व्हावी, तसं हे प्रकरण आहे.

त्यातला पहिला बळी रॉकरचा. एलएस घराण्याच्या रॉकरमध्ये, तो ज्या आडव्या दांडीवर डोलतो तिथे, बारीक सुयांचं बेअरिंग असतं. सुया पिंजऱ्यात बांधलेल्या नसतात. कडक स्प्रिंग आणि चढा वेग सोसून बेअरिंगचं कवच सुटलं, की सुया गळून ऑइलबरोबर इंजिनभर फिरतात. इथे हौशी माणूस चकचकीत ॲल्युमिनियमचे रॉकर मागवतो. मी म्हणेन, थांबा. मूळचा पोलादी रॉकर दिसायला सामान्य, पण व्हॉल्व्हकडच्या टोकाला हलका आहे, आणि वजन तिथेच जाचतं. त्याच रॉकरमध्ये सुयांच्या जागी ब्राँझची बुश आणि नवी दांडी बसवली की दुखणं मिटतं. पैसेही वाचतात.

टॅपेटचं वेगळंच. या इंजिनात हेड उतरवल्याशिवाय टॅपेट बाहेर निघत नाहीत. म्हणून हेड खाली आलेलं असतानाच ते आणि त्यांना सरळ धरणारे प्लॅस्टिकचे ट्रे बदलून टाकावेत. ट्रे झिजला की टॅपेट स्वतःभोवती फिरतो, रोलर आडवा होतो आणि कॅम खरवडून निघतो. स्प्रिंगाही नव्या घ्याव्यात. उंची तीच दिसली तरी जोर उतरलेला असतो.

बुलेटवाल्याची बोटं इथे चालत नाहीत. रॉकरला फिरवायचा स्क्रूच नाही, फट हायड्रॉलिक टॅपेट स्वतः सांभाळतो. पण सीट खोल कापली किंवा हेड थोडं तासलं, की पुशरॉडची लागणारी लांबी बदलते. ती कमीजास्त करता येणाऱ्या मापाच्या रॉडनं तपासूनच नवे रॉड मागवायचे. जुन्याच मापाचे आणून बसवले, तर टॅपेट एकतर वाजत राहतात किंवा व्हॉल्व्ह पुरता मिटू देत नाहीत. आणि हेडचे बोल्ट नवेच. ते कोनात आवळताना ताणले जातात, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

गाडी कुठलीही असो, हेडचं काम टाकताना मशीन शॉपकडून प्रत्येक व्हॉल्व्हचं माप कागदावर लिहून मागा. एलएस-७ असेल तर सोळाच्या सोळा : दांडा, गाइड, दोघांतली फट. 'एकदम ओके आहे साहेब' एवढंच उत्तर मिळालं, तर हेड उचला आणि दुसरीकडे न्या.