मॉस्कोत आलेला सैतान

मिखाईल बुल्गाकोव यांच्या ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या रशियन कादंबरीत सैतान वोलँड नावाच्या परदेशी प्राध्यापकाच्या रूपात स्टालिनकालीन मॉस्कोत अवतरतो आणि त्याच्या लवाजम्यात बेहेमोथ नावाचा, दोन पायांवर चालणारा आणि ट्रामचे भाडे द्यायला पुढे सरसावणारा धिप्पाड बोकाही असतो. ख्रिस्ती परंपरेतला सैतान माणसाला पापाच्या मोहात पाडतो. वोलँड मात्र नाट्यगृहात नोटांचा पाऊस पाडतो तेव्हाही प्रेक्षकांत नवी हाव निर्माण करत नाही, जी मुळात आहे तीच उघडी पाडतो. वाचक त्याच्या बाजूला झुकतो तो केवळ यामुळे नव्हे. ज्या शहरात तो येतो तिथल्या सत्तेपेक्षा तोच अधिक भरवशाचा ठरतो, हे त्याचे खरे कारण आहे.

वोलँड ज्या पन्नास क्रमांकाच्या सदनिकेत मुक्काम करतो, तिथून माणसे नाहीशी होण्याचे प्रकार त्याच्या आगमनाच्या दोन वर्षे आधीच सुरू झालेले असतात. सुट्टीच्या दिवशी पांढरे हातमोजे घातलेला एक सभ्य पोलीस येतो, कसलीशी सही करण्यासाठी मिनिटभर ठाण्यात यावे असे एका भाडेकरूला सांगतो, दहा मिनिटांत परततो म्हणून भाडेकरू निघतो, आणि मग त्याच्याबरोबर तो पोलीसही कायमचा गडप होतो. घरातली मोलकरीण हे चेटूक आहे असे मानते. गुप्त पोलिसांचे नाव कुठेच येत नाही. भय आणि हसू एकाच प्रसंगातून उपजवणाऱ्या या काळ्या विनोदाची धार दुसऱ्या एका प्रसंगात आणखी तीव्र होते: त्रासून ‘सैतानाने न्यावे’ असे म्हणणारा एक सरकारी अधिकारी खरोखरच अदृश्य होतो, त्याचा रिकामा सूट खुर्चीत बसून कागदांवर शेरे मारत राहतो, आणि परत आल्यावर अधिकारी सुटाने मारलेले सगळे शेरे कायम करतो.

कादंबरीतला मास्टर हा येशूला क्रुसावर पाठवणाऱ्या पिलातावर कादंबरी लिहिणारा लेखक असून, भित्रेपणा हा सर्वांत मोठा दुर्गुण, हा त्या कथेचा गाभा आहे. बुल्गाकोव यांना हा विषय पुस्तकातून मिळालेला नव्हता. नाटकांवर बंदी आल्यानंतर १९३० मध्ये त्यांनी सैतानावरील कादंबरीचा खर्डा स्वतः शेगडीत टाकला, पुढे ती नव्याने लिहायला घेतली आणि १९४० मध्ये मृत्युशय्येवर, दृष्टी गेलेली असताना, पत्नी येलेना यांना दुरुस्त्या सांगितल्या. ‘मॉस्क्वा’ मासिकात ती १९६६-६७ मध्ये काटछाट होऊन छापली गेली. सोव्हिएत संघात संपूर्ण स्वरूपात यायला १९७३ साल उजाडले.

वोलँडचे मोठेपण सर्वांत स्पष्ट दिसते ते त्याच्या मेजवानीनंतर. यजमानीण झालेल्या मार्गारिटेला एक मागणी मागण्याची मुभा मिळते, आणि प्रियकर मास्टर परत मिळावा म्हणून इथवर आलेली ती, स्वतःच्या बाळाला रुमालाने गुदमरवणाऱ्या व त्या रुमालाचे दर्शन रोज सोसणाऱ्या फ्रीडाची सुटका मागते. दया हे आपले खाते नव्हे, ही क्षमा तूच कर, असे वोलँड तिला सांगतो. ती क्षमा करते. मग त्यात आपण काहीच केले नसल्याने ही मागणी हिशेबात धरता येणार नाही, असे म्हणून तो तिला स्वतःसाठी काय हवे ते पुन्हा विचारतो, तेव्हा ती मास्टरला मागते, आणि मास्टरने जाळलेले हस्तलिखितही वोलँड परत देतो.