गल्लीतलं गॅरेज : भाग ६ – प्लास्टिकच्या मडगार्डवर रंग का टिकत नाही?

मागच्या भागात पत्र्याचा डेंट पाहिला. तिथला रिवाज सरळ आहे: ठोका, घासा, पुट्टी भरा, रंग मारा. हाच रिवाज प्लास्टिकच्या मडगार्डला लावला, की पहिल्याच पावसाळ्यात रंगाच्या पापड्या सुटू लागतात.

थार किंवा जिम्नी घेऊन रविवारी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात जाणारी मंडळी हैदराबादच्या अंबरपेठेतही आहेत. अंबरपेठच्या कडेने वाहणारी मुसी नदी उगम पावते तीही तिथेच. तिकडून परतताना चाकावरची काळी कमान, म्हणजे फ्लेअर, दगडाला घासून तडकलेली असते. पेंटरला विचारलं तर ‘हौ, हो जाता’ हे हैदराबादी उत्तर लगेच मिळतं. होतं खरं, पण कसं होतं ते पाहायला हवं.

आधी प्लास्टिकची जात ओळखा. कमान उतरवून उलटी केली की आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली दिसतात: पीपी, पीपी-ईपीडीएम किंवा एबीएस. पुढे ‘टी २०’ असेल तर त्यात वीस टक्के टाल्क पावडर मिसळलेली आहे. फ्लेअर बहुधा पीपीचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीच्या जूलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये ज्या स्फटिकी स्वरूपात ते बनवलं, त्यामुळेच ते स्वस्त, हलकं आणि चिवट म्हणून जगभर पसरलं. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं.

पण याच पॉलिप्रॉपिलीनला काही चिकटत नाही. तेलकट तव्यावर पाण्याचे थेंब गोळा होतात, तसा रंग त्यावर पसरायलाच नाखूश असतो. शिवाय साधं थिनर त्यात मुरत नाही. एबीएसला थिनर थोडं विरघळवतं, म्हणून त्यावर रंग पकड घेतो. पीपीवर ती सोय नाही.

आता तडा. तड्याच्या टोकाला बारीक ड्रिलने भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग दोन्ही बाजूंनी तिरकं घासून खाच करा आणि प्लास्टिक वेल्डिंगच्या गनने रॉड वितळवून भरा. ज्या प्लास्टिकची कमान, त्याच प्लास्टिकचा रॉड; पीपीवर एबीएसचा रॉड बसतच नाही. रॉड मिळाला नाही तर तसाच शिक्का असलेल्या भंगारातल्या तुकड्याच्या पट्ट्या कापून वापरता येतात. पीपी साधारण १६० अंशांना वितळतं. गन एकाच जागी धरली तर कमान वाकडी होते. मागच्या बाजूने स्टीलची जाळी तापवून दाबून बसवली की जोडाला बळ येतं. वर पत्र्याची पुट्टी भरू नका. ती कडक असते, कमान लवचीक. पहिल्याच खड्ड्यात पुट्टी तडकते. प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी वेगळी मिळते.

रंगाआधी साबणाच्या पाण्याने धुवा, वॅक्स-ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसा, मग पॉलिश पेपर मारा. क्रम उलटा केला तर डॅशबोर्ड-टायर चमकवायचं सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं. त्यानंतर प्लास्टिक प्रायमरचा, म्हणजे अ‍ॅडहीजन प्रमोटरचा, अगदी पातळ हात. यात क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन असतं. ते एका बाजूने पीपीला धरतं, दुसऱ्या बाजूने रंगाला. सगळा खेळ या पारदर्शक थराचा आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो. वर लवचीकपणासाठी फ्लेक्स मिसळलेला प्रायमर, बेसकोट आणि क्लिअर. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक आहे. फवारणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्कच हवा.

रंग निवडताना एक कायदा लक्षात ठेवा. जुन्या जीपची आठवण म्हणून अनेकांना ऑलिव्ह ग्रीन हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवतो.

आणि आता माझं मत. गाडी खरोखर डोंगरात न्यायची असेल, तर फ्लेअर रंगवूच नका. कारखान्याने ते काळे, खरखरीत ठेवले ते कंजुषीने नव्हे. काळा रंग प्लास्टिकच्या आरपार मिसळलेला असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून दुसरा रंग डोकावत नाही. तडा वेल्ड करून वर काळं टेक्स्चर कोटिंग मारलं की पुरे. प्रायमर मात्र त्याखालीही हवाच. गाडी शहरातच फिरणार असेल तर हौसेने रंगवा. फक्त पेंटरला भाव विचारण्याआधी ‘प्लास्टिक प्रायमर कुठला मारणार?’ हे विचारा, आणि डबा समोर उघडायला सांगा.

(पुढील भागात : उन्हाने पिवळे पडलेले हेडलाइट)