धूर जाळणारी चूल आणि सातपुड्याच्या पायथ्याचे सरपण

लाकडाचे ज्वलन तीन अवस्थांत होते. प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते, नंतर ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि अखेरीस उरलेला कोळसा निखारा होऊन जळतो. कोरड्या लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा मधल्या अवस्थेतील वायूंत असते. ते अर्धवट जळाले की त्यांचा धूर होतो. म्हणजेच धूर हे वाया गेलेले इंधन होय. हा धूर चुलीतच जाळून टाकण्याची युक्ती म्हणजे उत्प्रेरक चूल.

रचना व उगम : धुरातील वायू स्वतःहून पेट घेण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. या चुलीत धुराच्या वाटेवर जाळीदार छिद्रांचा चिनीमातीचा ठोकळा बसवलेला असतो व त्यावर पॅलॅडियम किंवा प्लॅटिनम धातूचा पातळ लेप असतो. या धातूंच्या सान्निध्यात तेच वायू सुमारे २६० अंशांपासूनच जळू लागतात. मोटारींच्या धुरासाठी वापरलेले हे तत्त्व १९८० च्या सुमारास अमेरिकेत घर उबदार ठेवणाऱ्या लाकडी शेगड्यांत आले. १९८८ मध्ये तेथे लाकडी शेगड्यांच्या धुरावर कायदेशीर मर्यादा आली आणि उत्प्रेरक शेगड्यांचा प्रसार वाढला.

वापराची पद्धत : चूल पेटवताना ठोकळा टाळून जाणाऱ्या उपमार्गाची झडप उघडी ठेवून धूर थेट धुराड्यात जाऊ द्यावा. बारीक काटक्यांवर जोमदार जाळ करून तापमापीचा काटा २६० अंशांपुढे गेला की झडप मिटावी; त्यानंतर धूर ठोकळ्यातून जातो. मग हवा बेताने कमी करता येते. नवे लाकूड घालताना आधी झडप उघडावी, मगच दार उघडावे. घाई केल्यास धूर घरात येतो आणि गार हवेच्या धक्क्याने ठोकळा तडकू शकतो. ठोकळ्यावरील राख थंड अवस्थेत मऊ ब्रशने झाडावी.

आपल्याकडील परंपरा : सातपुड्याच्या पायथ्याशी शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात चूल पेटते ती मुख्यतः स्वयंपाकासाठी व पाणी तापवण्यासाठी. येथे धातूच्या लेपाची गरज नाही. मात्र धूर कमी करण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धुराड्याची ‘मगन चूल’ विकसित झाली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ ते २००२ या काळात चालला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनेही सुधारित चुलींवर काम केले. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा भाग भांड्याला मिळतो. राष्ट्रीय कार्यक्रमात जागेवर बसवलेल्या सुधारित चुलीसाठी हे प्रमाण किमान २० टक्के अपेक्षित होते.

सरपणाचे वर्गीकरण : वजनाला वजन घेतले तर बहुतेक कोरड्या लाकडांची उष्णता जवळजवळ सारखीच, किलोमागे सुमारे ४,५०० किलोकॅलरी, असते. फरक पडतो तो घनतेचा. धावडा, बाभूळ, खैर व अंजन ही जड लाकडे सावकाश जळतात आणि टिकाऊ निखारा देतात. पांगारा व काटेसावर ही हलकी लाकडे भरकन जळून संपतात. सालई राळयुक्त असल्याने चटकन पेटते, पण काजळी धरते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या व मक्याची बुरकुंडे पेटवणीस उत्तम. गोवरी मंद धगीची, पण राख व धूर अधिक देणारी असते. खैर, मोह व अंजन हे वृक्ष १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. बांधावरचे झाड असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते. म्हणून छाटणीच्या फांद्या व वठलेले लाकूड हेच खरे सरपण.

लाकडाचा कोरडेपणा : नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सहाशेहून अधिक किलोकॅलरी खर्च होतात. त्याहून मोठा तोटा असा की जाळाचे तापमान उतरते आणि वायू न जळताच निसटतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आलेले लाकूड योग्य समजावे. हिवाळ्यात तोडलेले लाकूड मनगटाएवढे फोडून, जमिनीपासून उचलून, हवेशीर रचले तर खानदेशी उन्हाळा ते मृगाआधी चांगले वाळवतो. टोकांना पडलेल्या भेगा, सुटलेली साल आणि दोन तुकडे आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज या वाळल्याच्या खुणा होत.

वर्ज्य इंधन : रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक व रबर कोणत्याही चुलीत जाळू नये. त्यांतून विषारी वायू निघतात. शिसे व गंधक उत्प्रेरकाचा लेपही निकामी करतात. बंद खोलीत निखारे ठेवून झोपणे तर प्राणघातक आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चूल कितीही सुधारली तरी ओल्या सरपणापुढे ती हतबल ठरते. म्हणून नवी चूल घेण्याआधी प्रत्येक कुटुंबाने पावसाळ्यापूर्वी सरपणाला कोरडे छप्पर द्यावे. धूर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.