पेशींचें म्हातारपण

ययाति राजाची कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं घरच्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. शुक्राचार्यांच्या शापानें त्यास अकालीं जरा आली, आणि त्याचा धाकटा मुलगा पुरु ह्यानें आपलें तारुण्य देऊन बापाचें वार्धक्य स्वतःच्या अंगावर घेतलें. म्हातारपण अंगरख्याप्रमाणें एकानें उतरून दुसऱ्यास घालतां यावें, ही इच्छा फार जुनी आहे. "साठी बुद्धि नाठी" असें आपण सहज बोलून जातों. परंतु साठीच कां? कुत्रा बारा-पंधरा वर्षांत थकतो, घरांतील उंदीर तीन वर्षेंहि काढीत नाहीं, हत्ती साठीपर्यंत जंगल तुडवितो, आणि फ्रान्स देशांतील झां काल्माँ नांवाची बाई १८७५ सालीं जन्मून १९९७ सालीं, म्हणजे वयाच्या १२२ व्या वर्षीं वारली. हा हिशेब शरीरांत कोण ठेवतो? प्रस्तुत लेखांत आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे आणि एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी त्यांची वाढ होते, हें विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांत वाचलेंच आहे. आतां प्रश्न असा कीं, ही दुप्पट होण्याची क्रिया अखंड चालूं शकते काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विद्वानांचें उत्तर निःशंक "होय" असें होतें, आणि त्यास कारण एक कोंबडीचें पिलूं होय. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें अलेक्सिस कॅरेल नांवाचे थोर शस्त्रवैद्य होते. त्यांनीं जानेवारी १९१२ मध्यें कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या हृदयाचा एक लहानसा तुकडा काचपात्रांत ठेवला व त्यास पोषक रस देऊन वाढविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं कॅरेल ह्यांस नोबेल पारितोषिकहि मिळालें. मग त्यांच्या शब्दास केवढें वजन आलें असेल, ह्याची कल्पना करावी! तें पेशीजाल एक वर्ष जगलें, दहा वर्षें जगलें, वीस वर्षें जगलें. कोंबडी इतकीं वर्षें जगत नाहीं; पण तिच्या हृदयाचा तुकडा मात्र जगला. वर्तमानपत्रें त्याच्या वाढदिवसाच्या बातम्या छापीत. कॅरेल १९४४ सालीं निवर्तले, तरी तो तुकडा १९४६ पर्यंत जिवंत ठेवण्यांत आला होता. ह्यावरून सर्वांनीं असा निष्कर्ष काढला कीं, पेशी मुळांत अमर आहे. म्हातारें होतें तें शरीर.

हा सिद्धांत मोडला तो एका तरुण संशोधकानें, आणि तोहि दुसऱ्याच कामांत गुंतलेला असतां. फिलाडेल्फिया येथील विस्टार इन्स्टिट्यूटमध्यें लिओनार्ड हेफ्लिक हे मानवी गर्भाच्या पेशी वाढवीत होते. त्यांच्या पेशी कांहीं महिने जोमानें वाढत, मग त्यांची गति मंदावे, आणि सुमारें पन्नास वेळां दुप्पट झाल्यावर त्या थांबत. प्रथम कोणासहि वाटेल कीं, रसांत कांहीं दोष असावा, किंवा एखाद्या विषाणूची बाधा झाली असावी. हेफ्लिक ह्यांनीं आपले सहकारी पॉल मूरहेड ह्यांच्या साह्यानें जी परीक्षा केली, ती आम्हांस फार आवडते, कारण तींत यंत्रापेक्षां बुद्धीचा उपयोग अधिक आहे. त्यांनीं पुष्कळ वेळां दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी व थोड्याच वेळां दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रांत, एकाच रसांत, एकत्र वाढविल्या. पुरुषपेशी कोणत्या व स्त्रीपेशी कोणत्या, हें गुणसूत्रांवरून ओळखतां येतें. कांहीं काळानें पाहतात तों पात्रांत केवळ स्त्रीपेशी उरलेल्या! दोष रसाचा असता, किंवा रोग शिरला असता, तर दोघीहि मरावयास हव्या होत्या. थांबल्या त्या केवळ वृद्ध पेशी. पुढें असेंहि दिसून आलें कीं, विसाव्या दुपटीनंतर पेशी गोठवून ठेवल्या आणि वर्षांनंतर पुन्हां उबेंत आणल्या, तर त्या उरलेल्या तीसच दुपटी करतात. गोठलेला काळ त्या धरीत नाहींत. मोजतात तें विभाजन. हा निबंध १९६१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्या मर्यादेस आज हेफ्लिक ह्यांचेंच नांव आहे.

मग कॅरेल ह्यांचा तुकडा चौतीस वर्षें जगला कसा? त्यास जो रस घालीत तो कोंबडीच्या गर्भापासूनच काढलेला असे, व त्यांतून नव्या ताज्या पेशी पात्रांत जात असाव्या, असा एक तर्क आहे. त्यांचा प्रयोग तशाच स्वरूपांत दुसऱ्या कोणास साधला नाहीं, एवढें मात्र निश्चित. मोठ्या नांवाच्या दडपणाखालीं कित्येकांनीं आपल्याच पात्रांतील मेलेल्या पेशींकडे पाहून "आमचीच चूक" असें म्हटलें असावें, असें आम्हांस वाटतें.

येथें थोडें विषयांतर करतों. ह्या मर्यादित आयुष्याच्या मानवी पेशी निरुपयोगी ठरल्या नाहींत. त्या निर्दोष असल्यामुळें त्यांवर लशींचे विषाणू वाढवितां येऊं लागले. २०१८ सालच्या अखेरीस महाराष्ट्रांतील शाळांतून गोवर-रुबेला लशीची मोहीम झाली, तेव्हां दंडावर सुई घेतांना ज्यांनीं डोळे मिटून घेतले होते, त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, पुण्यास तयार होणाऱ्या त्या लशीचे विषाणू अशाच मानवी पेशींवर वाढविलेले असतात.

असो. पेशी मोजते हें ठरलें. परंतु ती कशानें मोजते? ह्याचें उत्तर मास्को येथील अलेक्सी ओलोव्निकोव्ह ह्यांस भुयारी रेल्वेच्या स्थानकावर सुचलें, असें सांगतात. आम्ही त्यांची आगगाडी बाजूस ठेवून घरचा दाखला देतों. शेणानें जमीन सारवणारी बाई मागें मागें सरकत साऱ्या घराची जमीन सारवते, पण स्वतः जेथें बसली आहे ती जागा तिला सारवतां येत नाहीं. पेशी दुभंगण्यापूर्वीं गुणसूत्रांतील डी.एन.ए.च्या लांब धाग्याची नक्कल करावी लागते. ही नक्कल करणारें यंत्र धाग्यावर बसूनच पुढें सरकतें, आणि त्यामुळें अगदीं टोकाचा तुकडा प्रत्येक वेळीं नकलेवांचून राहतो. म्हणजे प्रत्येक नव्या पिढीचा धागा आधीच्याहून किंचित् आंखूड. ओलोव्निकोव्ह ह्यांनीं हा विचार १९७१ मध्यें मांडला. १९७२ मध्यें जेम्स वॉटसन ह्यांनींहि स्वतंत्रपणें हीच अडचण दाखविली.

टोक झिजतें, तर मग मजकूर कां नाहींसा होत नाहीं? कारण टोकाशीं मजकूर नसतोच. बुटाच्या नाडीचें टोक उसवूं नये म्हणून तेथें जशी कडक नळी बसविलेली असते, तशी गुणसूत्राच्या दोन्ही टोकांस एकाच सहा अक्षरांच्या शब्दाची हजारों वेळां पुनरुक्ति असते. ह्या टोकास टेलोमिअर म्हणतात. दर विभाजनागणिक मनुष्याच्या पेशींतील हें टोक साधारणतः ५० ते २०० अक्षरांनीं झिजतें. तें फार आंखूड झालें म्हणजे पेशीस धागा तुटल्याचा भास होतो, आणि ती विभाजन कायमचें थांबविते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांनीं ही पुनरुक्ति प्रथम एका तळ्यांतील एकपेशीय प्राण्यांत वाचली. त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिनें १९८४ च्या ऐन नाताळच्या दिवशीं प्रयोगशाळेंत येऊन आपल्या प्रयोगाची फिल्म धुतली, तों तीवर सहा सहा अक्षरांच्या अंतरानें पट्टे उमटलेले दिसले. झिजलेलें टोक पुन्हां लांबविणारें द्रव्य सांपडलें होतें. तें टेलोमरेज होय. २००९ सालीं ह्या दोघींस आणि जॅक शोस्टाक ह्यांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आतां चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "मग हें टेलोमरेज सर्वांस टोंचावें, म्हणजे झालें!" काचपात्रांत असें करून पाहिलें आहे. १९९८ मध्यें मानवी पेशींत टेलोमरेज चालू करतांच त्या हेफ्लिक ह्यांची मर्यादा ओलांडून पुढें गेल्या. परंतु शरीरांत ज्या पेशींस मर्यादा उरत नाहीं त्यांस आपण कर्करोग म्हणतों. शंभर कर्करोगांपैकीं सुमारें ८५ ते ९० कर्करोगांत टेलोमरेज जागें झालेलें आढळतें. जी झीज आपणांस म्हातारें करते, तीच बेफाम वाढीस आडकाठी घालते. शिवाय उंदराचीं टेलोमिअरें मनुष्याहून लांब असतात, तरी तो तीन वर्षांत संपतो. आणि मेंदूंतील बहुतेक पेशी तर मोठेपणीं दुभंगतच नाहींत, तरी त्या जीर्ण होतात. तेव्हां टेलोमिअर हें एक घड्याळ आहे, एकमेव नव्हे. पेशींतील केरकचरा वेळेवर न निघणें हेंहि वार्धक्याचें एक कारण आहे. ही सफाई कशी चालते हें जपानचे योशिनोरी ओसुमी ह्यांनीं यीस्टमध्यें दाखवून २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळविलें.

थांबलेल्या पेशींचें पुढें काय होतें, हा भाग आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यांपैकीं पुष्कळ मरत नाहींत. दुभंगत नाहींत, मरतहि नाहींत. केवळ बसून राहतात व भोंवतालीं दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें सोडतात. आंब्याच्या अढींत एक नासका आंबा राहिला तर शेजारचेहि नासूं लागतात, तसा हा प्रकार. तारुण्यांत शरीराचे रक्षक त्यांस वेंचून काढतात. वय वाढतें तसें तें काम मागें पडतें. २०११ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें, अकालीं म्हातारे होणाऱ्या उंदरांच्या अंगांतून अशा जीर्ण पेशी युक्तीनें नाहींशा करण्यांत आल्या, तेव्हां त्यांचा मोतीबिंदु व स्नायूंची क्षीणता लांबणीवर पडली. तेव्हांपासून जीर्ण पेशी मारणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. मनुष्यावरील पहिल्या लहानशा परीक्षेंत, २०१९ मध्यें, फुफ्फुसाच्या असाध्य विकाराच्या १४ रोग्यांस अशीं औषधें देऊन पाहिलीं. त्यांची चालण्याची शक्ति किंचित् सुधारल्याचें दिसलें, परंतु तुलनेसाठीं औषध न दिलेले रोगी त्या परीक्षेंत नव्हते. उलट २०२० मध्यें गुडघेदुखीवरील अशाच एका औषधाचा खऱ्या औषधापेक्षां लटक्या औषधाहून अधिक गुण आला नाहीं. आणखी एक अडचण अशी कीं, जखम भरून येण्यास ह्याच पेशी कांहीं अंशीं साह्य करतात.

दुसरें औषध रॅपामायसिन. पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावरून १९६४ सालीं कॅनडाच्या एका मोहिमेनें माती आणली. त्या मातींतील जंतूंपासून हें द्रव्य पंजाबांत जन्मलेले सुरेन सेहगल ह्यांनीं माँट्रिऑल येथें काढलें, व बेटाच्या रापा नुई ह्या नांवावरून त्याचें नामकरण झालें. १९९९ पासून तें मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांस दिलें जातें. २००९ मध्यें असें आढळलें कीं, ६०० दिवसांच्या, म्हणजे मनुष्याच्या हिशेबानें साठीच्या घरांतील, उंदरांस तें चारलें असतां मादींचें कमाल आयुष्य १४ टक्के व नरांचें ९ टक्के वाढलें. परंतु हेंच औषध शरीराची रोगप्रतिकारशक्ति दाबतें, तोंड आणतें व रक्तांतील चरबी वाढवितें. निरोगी माणसानें तें मनानें घेणें म्हणजे घर गार राहावें म्हणून छप्पर काढण्यासारखें आहे.

पालकांस उद्देशून येथें स्पष्ट लिहिणें अवश्य वाटतें. टेलोमिअर लांबविण्याच्या व वय उतरविण्याच्या नांवाखालीं गोळ्या, चूर्णें व सुया विकल्या जातात. २००२ मध्यें हेफ्लिक ह्यांच्यासह पन्नासांहून अधिक शास्त्रज्ञांनीं, बाजारांतील कोणताहि असा उपाय वार्धक्य थांबवीत असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, असें जाहीर केलें होतें. आणि तो अभिप्राय बदलावा असें त्यानंतर कांहीं घडलेलें नाहीं. आजोबांचें विस्मरण किंवा आजींचे गुडघे पाहून घरच्यांचा जीव तुटतो, आणि विकणारा नेमका तेथेंच बोट ठेवतो.

तथापि ह्या संशोधनाचें खरें फळ एका ठिकाणीं पदरांत पडलें आहे, व तें वृद्धांच्या नव्हे, मुलांच्या. प्रोजेरिया नांवाचा अति दुर्मिळ रोग आहे. त्यांत मूल दोन वर्षांचें होण्याच्या आंतच त्याचीं म्हातारपणाचीं लक्षणें दिसूं लागतात. केस जातात, कातडी ताणली जाते, रक्तवाहिन्या कठीण होतात. बुद्धि मात्र शाबूत असते. तें मूल शाळेंत जातें, हंसतें, गणितें सोडवितें, आणि उपचारावांचून सरासरी साडेचौदा वर्षांच्या सुमारास हृदयविकारानें दगावतें. २००९ सालच्या 'पा' ह्या हिंदी चित्रपटामुळें ह्या रोगाचें नांव आपल्याकडे घरोघर पोंचलें. त्याचें कारण २००३ मध्यें सांपडलें: एका जनुकांतील एकच अक्षर बदललेलें. त्या एका अक्षरामुळें पेशीच्या केंद्राचें अस्तर वेडेंवांकडें बनतें. विशेष हें कीं, तेंच सदोष द्रव्य अल्प प्रमाणांत निरोगी माणसांच्या पेशींतहि आढळलें आहे. नोव्हेंबर २०२० मध्यें लोनाफार्निब ह्या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्यानें ह्या मुलांच्या आयुष्यांत सरासरी सुमारें अडीच वर्षांची भर पडते. चौदा वर्षांच्या आयुष्यांत अडीच वर्षें म्हणजे किती, हें ज्याचें त्यानें आपल्या वर्गाकडे पाहून मोजावें. पुढें जानेवारी २०२१ मध्यें संशोधकांनीं ह्या रोगाच्या उंदरांस एकच सुई देऊन त्या चुकलेल्या अक्षराची पेशींतल्या पेशींत दुरुस्ती केली. दुरुस्ती न केलेले उंदीर साधारण २१५ दिवस जगले होते. दुरुस्ती केलेले ५१० दिवस जगले.