विद्युत् उपकरण चाचणी, कार्यस्थानीय

विद्युत् उपकरण चाचणी, कार्यस्थानीय : कारखाने, कार्यालये, शाळा, रुग्णालये, उपाहारगृहे इ. कामाच्या ठिकाणी वापरात असलेली व प्लगाच्या साहाय्याने विद्युत् पुरवठ्यास जोडावयाची उपकरणे सुरक्षित स्थितीत आहेत की नाहीत, हे निरीक्षण व मापन यांच्या द्वारे ठरविण्याची पद्धत. उपकरण तयार होताना कारखान्यात केली जाणारी चाचणी ही त्याच्या रचनेची व निर्मितीची असते. प्रस्तुत चाचणी वापरामुळे उपकरणात आलेल्या दोषांचा शोध घेते. ग्रेट ब्रिटनमध्ये ही पद्धत विशेष रूढ असून तेथे ती ‘पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग’ या नावाने, किंबहुना ‘पॅट’ या संक्षेपाने ओळखली जाते. तिचा प्रसार जसजसा वाढला तसतसा तिच्या गुणवत्तेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरत गेला.

धोक्याचे स्वरूप : विद्युत् किटली, इस्तरी यांसारख्या धातूचे बाह्य कवच असलेल्या उपकरणांत कवच संरक्षक संवाहकाने जमिनीशी जोडलेले असते. या जोडणीस भूयोजन (प्रचारात अर्थिंग) म्हणतात. आतील विद्युत् भारित तार सुटून कवचास टेकल्यास भूयोजनाच्या मार्गाने मोठा प्रवाह वाहतो, वितळतार वितळते व पुरवठा खंडित होतो. हा संरक्षक संवाहक तुटलेला असल्यास मात्र कवच २३० व्होल्ट दाबास तसेच राहते. मानवी शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरल्यास अशा कवचास स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून सु. ०·२३ अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. १३ अँपिअरची वितळतार एवढ्याशा प्रवाहाने वितळत नाही. माणसाचे हृदय बंद पाडण्यास मात्र तो पुरेसा असतो. विशेष म्हणजे संरक्षक संवाहक तुटल्याने उपकरणाच्या कार्यात कोणताही फरक पडत नाही. पाणी पूर्वीसारखेच उकळते व वापरणाऱ्यास दोषाची कल्पना येत नाही. या कारणामुळे केवळ नित्याच्या वापरावर विसंबून न राहता स्वतंत्र चाचणी करावी लागते.

उपकरणांचे वर्ग : विद्युत् आघातापासून संरक्षण कसे मिळते यावरून उपकरणांचे तीन मुख्य वर्ग करतात. पहिल्या वर्गात मूलभूत निरोधनाबरोबर भूयोजनाची जोड असते. दुसऱ्या वर्गात दुहेरी वा प्रबलित निरोधन असून सुरक्षिततेसाठी भूयोजनाची गरज नसते. एका चौकोनात दुसरा चौकोन हे या वर्गाचे चिन्ह होय. तिसऱ्या वर्गातील उपकरणे अतिनीच व सुरक्षित दाबावर चालतात. वर्ग ओळखण्यात चूक झाल्यास पुढील सर्व मापन निरर्थक ठरते.

चाचणीचे टप्पे : (१) दृश्य निरीक्षण : केबलीवरील चिरा, चिकटपट्टीने केलेले जोड, प्लगापाशी केबलीची सुटलेली पकड, जळाल्याच्या खुणा, फुटलेले कवच, प्लगातील अयोग्य वितळतार इ. दोष डोळ्यांनी व हाताने तपासतात. सुरक्षिततेला बाधक असे बहुतेक दोष याच टप्प्यात सापडतात. (२) भूयोजनाची सलगता : पहिल्या वर्गातील उपकरणाच्या प्लगाची भूयोजन पिन व कवचाचा उघडा धातू यांमधील रोध मोजतात. पुरवठा केबलीतील संरक्षक संवाहकाच्या रोधात ०·१ ओहम मिळविले असता येणारे मूल्य ही सामान्यतः स्वीकारार्ह मर्यादा होय. उदा., ०·७५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०२६ ओहम असतो. म्हणून ५ मी. केबलीस ०·१३ ओहम व एकंदर मर्यादा ०·२३ ओहम येते. मापन चालू असताना केबल वाकवून पाहणे आवश्यक असते. अर्धवट तुटलेली तार त्याच वेळी अस्थिर वाचनाने आपले अस्तित्व दाखविते. (३) निरोधन रोध : विद्युत् भारित संवाहक व कवच यांमध्ये साधारणतः ५०० व्होल्ट एकदिश दाब देऊन रोध मोजतात. तो पहिल्या वर्गासाठी किमान १ मेगओहम (३ किवॉ. वा त्याहून अधिक शक्तीच्या तापन उपकरणांसाठी ०·३ मेगओहम) व दुसऱ्या वर्गासाठी किमान २ मेगओहम असावा लागतो. (४) गळती प्रवाह : आवश्यक तेथे उपकरण चालू ठेवून संरक्षक संवाहकातून वा कवचास स्पर्श केल्यास वाहू शकणारा प्रवाह मोजतात. शेवटी उपकरणाचे कार्य नीट चालते की नाही हे पाहतात.

गुणवत्तेतील उणिवा : वरील टप्पे वरकरणी सोपे असल्यामुळे ते यांत्रिकपणे उरकले जाण्याचा धोका असतो. काही चाचणी यंत्रे केवळ ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ एवढेच दर्शवितात व त्यांवर विसंबून वाचनाचा अर्थ न लावताच निर्णय घेतला जातो. उपकरणाचा स्विच बंद ठेवूनच निरोधन चाचणी केल्यास स्विचापलीकडील भाग तपासला जात नाही आणि तरीही यंत्र उत्कृष्ट मूल्य दाखविते. इलेक्ट्रॉनीय स्विच असलेल्या उपकरणांत पुरवठा दिल्याशिवाय अंतर्गत मंडल जोडलेच जात नाही. तेथे ही चाचणी अपुरी ठरते व गळती प्रवाहाचे मापनच करावे लागते. उलट, रंगाचा थर असलेल्या धातूवर शोधशलाका टेकविल्यास निर्दोष उपकरणही अनुत्तीर्ण ठरते. सुटी करता येणारी पुरवठा केबल व विस्तार केबल यांची स्वतंत्र नोंद व चाचणी न होणे हाही वारंवार आढळणारा दोष आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे दृश्य निरीक्षणाची उपेक्षा. बाह्य आवरण फाटून आतील संवाहक उघडा पडलेली केबल सलगता व निरोधन या दोन्ही चाचण्यांत उत्तीर्ण होऊ शकते, कारण कोरड्या हवेतील उघडी तार यंत्राला निरोधितच भासते. तिला हात लावणाऱ्याला मात्र ती तशी नसते. अशा रीतीने यंत्राला न दिसणारा दोष डोळ्यांना व डोळ्यांना न दिसणारा दोष यंत्राला सापडतो. दोन्ही टप्पे परस्परपूरक असून एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

चाचणीचे काम बाहेरील कंत्राटदाराकडे दर उपकरणामागे ठराविक मोबदला देऊन सोपविल्यास वेगाला महत्त्व येते. एका व्यक्तीने आठ तासांच्या दिवसात ४०० उपकरणे तपासावयाची ठरविल्यास प्रत्येकास सरासरी ७२ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात उपकरण शोधणे, त्याचा वापर थांबविणे, प्लग उघडून वितळतार पाहणे, दोन्ही मापने, नोंद व चिठ्ठी लावणे ही सर्व कामे काळजीपूर्वक होणे अशक्यप्राय आहे. अशा वेळी चाचणीतून केवळ चिठ्ठी निर्माण होते. चिठ्ठी नसलेल्या उपकरणाविषयी मनुष्य सावध तरी असतो. खोट्या भरवशाची चिठ्ठी ही सावधगिरीही नाहीशी करते.

कायदा व मार्गदर्शन : ग्रेट ब्रिटनमध्ये १९७४ च्या कामावरील आरोग्य व सुरक्षा अधिनियमानुसार मालकावर सर्वसाधारण जबाबदारी आहे. १९८९ मध्ये केलेले व १ एप्रिल १९९० पासून अंमलात आलेले कामावरील विद्युत् विनियम धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी देखभाल करण्यास सांगतात. मात्र प्रत्येक उपकरणाची दरवर्षी चाचणी केलीच पाहिजे किंवा त्यावर चिठ्ठी लावलीच पाहिजे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. तरीही वार्षिक चाचणी हा कायद्याचाच दंडक आहे, असा समज व्यापक प्रमाणावर रूढ झाला. प्राध्यापक रॅग्नार लॉफस्टेट यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये सादर केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांच्या समीक्षेत या अतिरेकाची दखल घेऊन मार्गदर्शन स्पष्ट करण्याची शिफारस केली. त्यानंतर हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या शासकीय यंत्रणेने आपल्या पुस्तिका सुधारल्या. त्यांनुसार कार्यालयातील दुहेरी निरोधनाच्या संगणकास यांत्रिक चाचणीची गरज नसून दोन ते चार वर्षांनी निरीक्षण पुरेसे असते. भूयोजित किटलीची चाचणी एक ते दोन वर्षांनी सुचविली आहे. याउलट बांधकामाच्या जागी २३० व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणाची तपासणी वापरणाऱ्याने दर पाळीस, निरीक्षण दर आठवड्यास व चाचणी दरमहा करावी असे म्हटले आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या आचारसंहितेच्या २०२० मधील पाचव्या आवृत्तीतही सरसकट कालांतरांऐवजी जोखीम-मूल्यमापनावर भर देण्यात आला.

जर्मनीमध्ये अपघात विमा संस्थांच्या नियमांत चाचणीचे निष्कर्ष व तिचे कालांतर यांची सांगड घातलेली आहे. सुवाह्य उपकरणांसाठी सहा महिने हे मार्गदर्शक कालांतर असून दोषी उपकरणांचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आढळल्यास ते वाढविता येते. कार्यालयांत ते दोन वर्षांपर्यंत नेता येते. यामुळे दोषांची प्रामाणिक नोंद हाच पुढील निर्णयाचा आधार बनतो.

भारत : भारतात १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. त्यांतील नियतकालिक तपासणीचा रोख मुख्यतः स्थिर विद्युत् मांडणीवर आहे. ब्रिटिश पद्धत येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. ब्रिटनमधील सध्याच्या आयताकृती पिनांच्या प्लगात वितळतार असते, तर भारतातील गोल पिनांचा प्लग जुन्या ब्रिटिश मानकावर आधारलेला असून त्यात ती नसते. त्यामुळे केबलीचे संरक्षण मांडणीतील वितळतार वा मंडल खंडक यांवरच अवलंबून राहते आणि सॉकेटाचे भूयोजन तपासल्याशिवाय उपकरणाची चाचणी अपुरी ठरते.

गुणवत्तेचे निकष : चाचणी करणारी व्यक्ती वाचनाचा अर्थ लावू शकेल इतकी सक्षम असणे, यंत्राचे ठराविक काळाने अंशशोधन होणे, केवळ निकाल न नोंदता प्रत्यक्ष मूल्ये नोंदणे, दोषी उपकरण तत्काळ वापरातून काढणे व दोषाच्या कारणाचा शोध घेणे हे चांगल्या चाचणीचे प्रमुख निकष होत. नोंदलेली मूल्ये वर्षानुवर्षे ताडून पाहिल्यास निरोधनाचा हळूहळू होणारा ऱ्हास उपकरण अनुत्तीर्ण होण्यापूर्वीच लक्षात येतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी सिटी अँड गिल्ड्स या संस्थेची स्वतंत्र अर्हता आहे. तथापि कोणतीही चाचणी त्या क्षणापुरतीच उपकरणाची स्थिती सांगते. दुसऱ्याच दिवशी केबल दाराच्या फटीत चिरडली जाऊ शकते. म्हणून प्लग जोडण्यापूर्वी वापरणाऱ्याने केबलीवरून एकदा नजर फिरविणे व दोष दिसताच तो निःसंकोचपणे कळविणे, यांवरच दोन चाचण्यांमधील सुरक्षितता अवलंबून असते.