पानें वाळवावीं तीं सावलींत

वाळवण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चैत्र-वैशाखांतलें कडक ऊन उभें राहतें. पापड-कुरडयांना तें मानवतें. म्हणून गॅलरींतल्या कुंडींतला पुदिनाहि पुष्कळ घरीं त्यांच्याच शेजारीं पसरला जातो, आणि संध्याकाळीं हातीं येतो तो निव्वळ पालापाचोळा. पापडांतून केवळ पाणी घालवावयाचें असतें; पानांतलें पाणी जावें पण सुगंध राहावा, अशी आपली अपेक्षा असते.

हा सुगंध म्हणजे उडून जाणारें तेल होय. पुदिन्यांत तें पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींत असतें. कढीलिंबाचें पान उजेडापुढें धरा. लिंबाच्या पानासारखे जे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, त्या त्याच्या तेलाच्या कुप्याच. उन्हाच्या तापानें पाण्याबरोबर हें तेलहि निघून जातें व हिरवा रंग विटतो. पाणी काढण्यास खरी हवी असते ती खेळती हवा.

म्हणून फुलोरा येण्यापूर्वीं, सकाळीं दंव वाळल्यावर पानें खुडावीं, धुऊन नीट निथळूं द्यावीं व सावलींत फडक्यावर एकेरी पसरावीं. पुदिना व मेथी यांच्या पानांत १०० भागांपैकीं सुमारें ८५ भाग पाणी असतें, कढीलिंबांत सुमारें ६५. तेव्हां वेळ कमीअधिक लागणारच.

कोथिंबिरीच्या वाटेस मात्र जाऊं नये. तिचा गंध वाळतांना बहुतेक नाहींसाच होतो; तिच्याऐवजीं धने आहेत. मेथीचें नेमकें उलट; वाळल्यावर तिचा गंध अधिकच उठतो. कसुरी मेथीला ज्या कसूर शहराचें नांव मिळालें, तें १९४७ पासून पाकिस्तानांत आहे. आपल्या बाजारांत येणारी पुष्कळशी मेथी राजस्थानांतील नागौर भागांतली असते.

खरा धोका पुढें, बरणींत आहे. देठ वांकवितांच कट्‌कन मोडला पाहिजे. तरीहि पानें कांचेच्या बरणींत एक दिवस बंद ठेवून पाहावीं. कांच आंतून धुरकटली तर पुन्हां पसरावीं. अर्धवट ओल्या पानांवर बुरशी धरते, आणि कित्येक बुरशींचें विष फोडणीच्या उष्णतेनेंहि नाहींसें होत नाहीं. वरचें काढून खालचें वापरण्याची आपली काटकसर येथें कामाची नाहीं. बरणींतलें सगळें टाकावें. मुंबईंत व कोंकणांत तर जून ते सप्टेंबर हा उद्योग करूंच नये.

पानें अखंडच भरावीं आणि बरणी शेगडीजवळच्या फळीवर न ठेवतां अंधाऱ्या कपाटांत ठेवावी. वापरतेवेळीं तळहातावर चुरून घ्यावीं. ताज्या पानांच्या तिसऱ्या हिश्शाइतकीं पुरतात.