शेतीचे आकडे आणि अर्थमिती

शेतीविषयक योजनेचे फलित ठरविताना योजनेपूर्वीचे व नंतरचे उत्पन्न शेजारीशेजारी मांडण्याचा प्रघात आहे. त्यांतील सर्व वाढ योजनेमुळेच झाली काय, याची छाननी करणारे शास्त्र म्हणजे अर्थमिती होय. नंदुरबार जिल्हा ज्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो, तेथे राहुरीस कृषी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय अभ्यासावा लागतो. पुष्कळांना त्यातील गणिताचा धाक वाटतो. वास्तविक, त्यातील खरी अडचण गणिताच्या आधीच सुरू होते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. तापीकाठच्या शहादे तालुक्यात काळी कसदार जमीन, ऊस, केळी व कापूस. तर सातपुड्यातील अक्राणी तालुक्यात उताराची हलकी जमीन आणि पावसाच्या भरवशावरील ज्वारी, मका, भगर. शहाद्याच्या बागायतदाराचे उत्पन्न अक्राणीच्या शेतकऱ्याहून अधिक दिसते. पण हा फरक केवळ पाण्याचा नव्हे. जमिनीचा कस, कर्ज मिळण्याची सोय, बाजाराचे अंतर ही सर्व कारणे त्यात मिसळलेली असतात. ती वेगळी करण्यासाठी समाश्रयण ही पद्धत वापरतात. इतर गोष्टी समान धरल्या असता एका कारणाने उत्पन्न किती बदलते, याचा अंदाज तीतून मिळतो. मात्र ज्या गोष्टीची नोंदच नाही, तिचे श्रेय नोंद असलेल्या गोष्टीच्या खाती जमा होते, हे विसरून चालत नाही.

समजा, एकाच गावात नवी विहीर मिळालेल्या शेतकऱ्यांचे उत्पन्न एकरी ६ क्विंटलवरून १० वर गेले. त्याच काळात तशीच जमीन असलेल्या, परंतु विहीर नसलेल्या शेजाऱ्यांचे उत्पन्न चांगल्या पावसामुळे ५ वरून ८ झाले. मग विहिरीच्या वाट्यास ४ नव्हे, १ क्विंटलच येतो. अर्थात, हा शेजारी खरोखर तुलनेयोग्य हवा. अहवालात ४ लिहिले काय आणि १ लिहिले काय, पुढील वर्षीचा निधी त्यावरून ठरत असतो.

पर्यावरणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मोहफुले, चारोळी, सरपण, चारा यांपैकी बराच भाग घरीच वापरला जातो. बाजारात न गेलेल्या वस्तूचे मूल्य शून्य धरले, तर जंगलाच्या आधाराने जगणारे कुटुंब कागदावर असते त्याहून दरिद्री आणि जंगल निरुपयोगी ठरते. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. अशा गावांची हानी केवळ सातबाऱ्यावरील जमिनीने मोजता येत नाही.

या सर्व विचाराचा पाया मूळ नोंद हा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी वि. गो. पानसे यांच्यासमवेत पीककापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. नमुन्याचा तुकडा फार लहान घेतल्यास उत्पन्न फुगून दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी जास्त असते, आणि कडेवरची ताटे कापणारा नकळत आत ओढतो.

या बारकाव्याची किंमत शेतकऱ्यास आजही मोजावी लागते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उत्पन्नावर आधारित भरपाई ठरविताना महसूल मंडळातील अशा प्रयोगांची सरासरी पाहिली जाते. प्रयोगाचे शेत यादृच्छिक क्रमांकाने निवडलेले असते. ते दूर डोंगरात आले म्हणून रस्त्यालगतचे चांगले शेत कापले, तर मंडळाची सरासरी वर चढते आणि ज्यांचे पीक बुडाले त्यांची भरपाई घटते. पुढे विद्यापीठात कितीही कुशल संशोधक ते आकडे हाताळो, कापलेच न गेलेले शेत त्यास परत आणता येत नाही. म्हणून कापणीच्या दिवशी पंचायत सदस्यांनी बांधावर उपस्थित राहून निवडलेला गट क्रमांक आणि प्रत्यक्ष कापलेले शेत एकच आहे, एवढे पाहून घ्यावे.